लक्ष्मण नावाचे ग्रंथकार : एका आकस्मिक सूत्राचा समीक्षात्मक विचार

पदवी वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांना एक चूक परिचयाची आहे. ‘उचल्या’ हे आत्मकथन लक्ष्मण माने यांच्या नावावर जमा होते आणि ‘उपरा’ लक्ष्मण गायकवाड यांच्या. आपण लाल शाईची रेघ ओढतो, अर्धा गुण कापतो आणि पान उलटतो. वर्षानुवर्षे घडत आलेल्या या चुकीकडे केवळ स्मरणदोष म्हणून पाहावे काय, असा प्रश्न प्रस्तुत लेखकाला पडला आणि त्यातूनच या लेखाचे बीज पडले. लेखकांची प्रथमनामे एक, दोन्ही शीर्षके तीन अक्षरी आणि ‘उ’ने आरंभ होणारी, दोन्ही पुस्तके साहित्य अकादमी पुरस्काराने सन्मानित, आणि अभ्यासक्रमात दोन्हींचे स्थान ‘भटक्या-विमुक्तांची आत्मकथने’ या एकाच मथळ्याखाली! बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांमध्ये दोहोंची ‘वैशिष्ट्ये’ जवळपास त्याच शब्दांत दिलेली असतात : दारिद्र्य, अज्ञान, अंधश्रद्धा, जातपंचायत, शिक्षणाची ओढ, बोलीभाषेचा वापर. एका पुस्तकाखालची यादी उचलून दुसऱ्याखाली ठेवली तरी काही बिघडत नसेल, तर नावांची अदलाबदल करणारा विद्यार्थी एका अर्थी आपणच शिकवलेले प्रामाणिकपणे लिहीत असतो.

म्हणून नावाच्या या योगायोगालाच काही काळ गंभीरपणे घ्यावे, असे ठरवले. प्रथमनाम हे वाङ्मयीन वर्गीकरणाचे तत्त्व होऊ शकत नाही, हे उघड आहे. कालखंड, वाङ्मयप्रकार, विचारसरणी, सामाजिक स्तर ही समीक्षेची मान्य सूत्रे आहेत. परंतु मान्य सूत्रांचा एक तोटा असा, की ती ज्यांना एकत्र आणतात त्यांच्यातील भेद पुसतात, आणि ज्यांना वेगळे ठेवतात त्यांची गाठच पडू देत नाहीत. आकस्मिक सूत्राला कोणताही सिद्धान्त सिद्ध करावयाचा नसतो, एवढाच त्याचा गुण. ग्रंथालयाच्या तालिकेत ‘लक्ष्मण’ हा शब्द शोधला, तर जी पुस्तके समोर येतात ती एरवी कोणत्याही चर्चासत्रात शेजारी बसलेली दिसणार नाहीत.

त्यांतील पहिले पुस्तक नाव लपवूनच समोर येते. ल. रा. पांगारकर म्हणजे लक्ष्मण रामचंद्र पांगारकर (१८७२–१९४१), हे बहुतेक विद्यार्थ्यांना, आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकी काहींनाही, मुद्दाम सांगावे लागते. ‘मुमुक्षु’चे संपादक, मोरोपंतांचे चरित्रकार, ‘मराठी वाङ्मयाचा इतिहास’ या त्रिखंडात्मक ग्रंथाचे कर्ते ही त्यांची ओळख. अद्याक्षरांची ही प्रथा मराठी ग्रंथव्यवहारात दीर्घकाळ टिकली. ह. ना., वि. स., ना. सी., श्री. कृ. अशा जोड्यांमागे माणसाचे घरचे नाव झाकले जाई आणि मुखपृष्ठावर आडनाव तेवढे ठळक उरे. आडनाव पुरेसे असणे हीसुद्धा एक सामाजिक सोय होती. ज्याचे आडनाव वाचकाला परिचित असते, त्याला प्रथमनाम उच्चारण्याची गरज पडत नाही.

दुसरे नाव याच्या अगदी उलट टोकाचे : तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४). येथे प्रथमनाम आहे, परंतु त्याच्या पुढे पदवी आणि मागे ‘शास्त्री’ असा दुहेरी पहारा आहे. धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर येथे जन्मलेला हा मुलगा वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शिकला आणि कलकत्त्याहून १९२३ मध्ये ‘तर्कतीर्थ’ झाला. ती पदवीच पुढे नावासारखी वापरात आली. आजही ‘तर्कतीर्थ’ एवढेच म्हटले तरी पुरते.

आणि मग माने व गायकवाड. मुखपृष्ठावर पदवी नाही, अद्याक्षरे नाहीत, शास्त्री-पंत-राव असा कोणताही प्रत्यय नाही. नाव आणि आडनाव एवढेच. गावाच्या तोंडी लक्ष्मण हे नाव पूर्ण उच्चारले जाण्याला मान लागतो; तो नसेल तर त्याचे ‘लक्ष्या’, ‘लक्ष्म्या’ होते, हे ग्रामीण महाराष्ट्रातील कोणालाही सांगायला नको. त्यामुळे ‘लक्ष्मण माने’ ही पाच अक्षरे १९८० मध्ये ‘ग्रंथाली’च्या पुस्तकावर छापली गेली, तेव्हा ती केवळ लेखकाची नोंद नव्हती. जे नाव पांगारकरांना सहज लपवता आले, ते येथे पूर्ण छापून येणे हीच एक घटना होती.

या तीन लक्ष्मणांना जोडणारा दुवा साहित्य अकादमीच्या यादीतच आहे. तो सहसा कोणी उल्लेखत नाही, एवढेच. १९५५ मध्ये मराठीसाठीचा पहिलाच अकादमी पुरस्कार ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ (१९५१) या ग्रंथाला मिळाला. १९८१ मध्ये तो ‘उपरा’ला आणि १९८८ मध्ये ‘उचल्या’ला मिळाला. म्हणजे त्याच भाषेसाठी, त्याच संस्थेने, तेहतीस वर्षांच्या अवधीत लक्ष्मण नावाच्या तिघांना एकच सन्मान दिला. त्यांतील दोघे सातारा जिल्ह्याशी बांधलेले : एक वाईच्या पाठशाळेत वाढलेला, दुसरा फलटण तालुक्यातील सोमंथळीचा. वाई आणि फलटण यांमधले अंतर एका दिवसात जाऊन परत येण्याएवढे. ‘संस्कृती’ या शब्दाच्या दृष्टीने मात्र हे अंतर किती आहे, हा विचार करण्याजोगा विषय आहे.

‘वैदिक संस्कृतीचा विकास’ हा ग्रंथ आज कमी वाचला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. तर्ककठोर विषय इतक्या प्रसन्न, निःसंदिग्ध मराठीत मांडणारे गद्य आपल्याकडे फार नाही. वेदांपासून आरंभ करून कुटुंबसंस्था, पुराणे व रामायण यांची संस्कृती, बौद्ध आणि जैन धर्म, व शेवटी आधुनिक भारतातील सांस्कृतिक आंदोलने असा त्याचा विस्तार आहे. ‘वैदिक’ हे विशेषण तर्कतीर्थ इतके रुंद करतात, की वेदांना नाकारणारे विचारही त्या विकासाच्या कक्षेत येतात. ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात ‘वैदिक’च्या जागी ‘भारतीय’ आले, हे या दृष्टीने सूचक आहे. येथेच आमचा आक्षेप सुरू होतो. ज्यांच्या हातून ग्रंथ निर्माण झाले, मग ते वेदांच्या बाजूचे असोत वा विरोधी, त्यांनाच या विकासात पाऊलखूण ठेवता येते. फोकांपासून कणग्या आणि टोपल्या विणत गाढवांवर संसार लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाड्याने कोणते सूत्र रचले? त्याची बोली द्राविड कुळातली, पण तिला ग्रंथ नाही. विकासाचा आलेख ग्रंथांच्या बिंदूंतून काढला, की तो रेषेखाली राहतो. तर्कतीर्थांचा हेतू तसा नव्हता, हे मान्यच आहे. साधन-सामग्रीच्या निवडीनेच हे घडले, आणि तसे घडणे हेतूपेक्षा अधिक टिकाऊ असते.

मात्र तर्कतीर्थांना केवळ शास्त्रांच्या बाजूचा पंडित ठरवणे ही आणखी मोठी चूक होईल. १९३२ मध्ये गांधीजी येरवड्यात असताना अस्पृश्यतानिवारणाला शास्त्राधार मिळवून देण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. १९३३ मध्ये पुण्याच्या ‘पर्णकुटी’त देवदास गांधी आणि राजगोपालाचारींच्या कन्या लक्ष्मी यांचा विवाह झाला; त्याचे पौरोहित्य याच लक्ष्मणशास्त्र्यांनी केले. वैश्य वर आणि ब्राह्मण वधू, म्हणजे धर्मशास्त्राच्या परिभाषेत प्रतिलोम विवाह. सनातन्यांचा रोष पत्करून त्यांनी तो लावला.

हा विवाह ध्यानात ठेवून ‘उपरा’कडे वळावे. ‘उपरा’च्या उत्तरार्धाचा कणा म्हणजे नायकाचा मराठा समाजातील मुलीशी झालेला विवाह. तोपर्यंत पुस्तकातील ‘उपरा’ या शब्दाचा एकच अर्थ वाचकाला माहीत असतो : गावाबाहेर पाल टाकणारा, शाळेत वेगळा बसवला जाणारा, कोणत्याच गावाचा नसलेला. विवाहानंतर शब्दाचा दुसरा अर्थ उघडतो. आता जातपंचायतही त्याला बाहेर काढते. गावाला तो परका होताच. पालालाही परका झाला. शीर्षकाचा हा दुहेरी उलगडा मराठी आत्मकथनांत फार थोड्यांना साधला आहे, आणि माने तो भाष्य न करता साधतात. ‘वैशिष्ट्ये’ या सदराखाली ‘जातपंचायत’ असा शब्द लिहून आपण हीच गोष्ट गमावतो. ‘उपरा’मधील पंचायत हा ‘घटक’ नाही. शीर्षकाला पूर्ण करणारी ती शक्ती आहे.

दोन विवाह शेजारी ठेवले की एक भेद स्पष्ट दिसतो. तर्कतीर्थ रेषा ओलांडतात ती शास्त्राची अनुमती मिळवून; रेषा आखणाऱ्या ग्रंथांतच ओलांडण्याची वाट शोधून. तशी अनुमती शोधण्याचे साधनच ‘उपरा’च्या नायकापाशी नाही. तो आधी ओलांडतो आणि मग किंमत मोजतो. तीही एकटा नव्हे, त्याचे आईवडील ती त्याच्यासह मोजतात. सुधारणेच्या इतिहासात पहिल्या प्रकारच्या कृतीची नोंद होते, दुसऱ्या प्रकारची कृती आत्मकथनाची वाट पाहते.

येथे आणखी एक लक्ष्मण आठवणे अस्थानी होणार नाही. लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगाची संहिता पुस्तकरूपाने उपलब्ध आहे. तथापि अभ्यासक्रमाच्या दृष्टीने ती ‘मनोरंजन’ या खात्यात टाकून दिलेली आहे. तेथेही विषय रेषेपलीकडच्या विवाहाचाच आहे. खेड्यातला मुलगा लंडनला जाऊन तिथल्या मुलीशी लग्न ठरवतो आणि मराठवाड्यातले वऱ्हाड विमानात बसते. बावन्न व्यक्तिरेखा एकच नट उभ्या करतो. गर्दी, कुरबुर, रुसवेफुगवे, सगळे काही एका देहातून. आत्मकथनांत ‘मी’ बोलतो आणि त्याच्या आडून जमात बोलते, असे आपण म्हणतो. येथे जमातच बोलते आणि ‘मी’ अदृश्य होतो. यापुढची गोष्ट अधिक विचारात पाडणारी आहे. देशपांडे यांची भाषा मराठवाड्याची, गायकवाड यांचीही मराठवाड्याची. एक औरंगाबादचे, दुसरे लातूरकडील धनेगावचे. ज्या बोलीतील हेल ऐकून सभागृह हसते, त्याच बोलीच्या जवळच्या रूपात ‘उचल्या’मध्ये पोलिसांच्या माराचे वर्णन येते आणि वाचकाचा श्वास अडतो. तेव्हा ‘बोलीभाषेचा वापर’ हे वैशिष्ट्य म्हणून लिहिण्याला काहीच अर्थ उरत नाही. बोलीने काय केले, हे लिहावे लागते.

लक्ष्मण लोंढे यांचा उल्लेख येथे थोडक्यात आटोपतो, त्यांच्या लेखनाला कमी लेखून नव्हे, तर विज्ञानकथा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे म्हणून. ‘दुसरा आइन्स्टाइन’ ही त्यांची कथा इंग्रजी अनुवादातून मराठीबाहेर पोचली. चिंतामणी देशमुख यांच्यासह लिहिलेली ‘देवांसि जिवे मारिले’ ही कादंबरी आजही नव्याने वाचावी अशी आहे. तसेच आर. के. लक्ष्मण. ते मराठी लेखक नव्हेत. परंतु त्यांचे ‘द टनेल ऑफ टाइम’ (१९९८) हे आत्मकथन मराठीत आले ते ‘लक्ष्मणरेषा’ या नावाने. काळाच्या बोगद्याची रेषा होते, कारण मराठी वाचकाच्या कानात लक्ष्मण या नावापाठोपाठ रेषा आपोआप उमटते. गंमत अशी की वाल्मीकीच्या रामायणात ही रेषा नाही. ती नंतरच्या परंपरेने आखली आणि मूळ कथेपेक्षा अधिक घट्ट रुजवली.

रेषा आखणाऱ्यांत सरकारेही असतात. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. त्यांच्यासाठी वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची तारेच्या कुंपणाची वसाहत हे त्याचे महाराष्ट्रातील परिचित उदाहरण. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या, तरी नावाचा डाग पुसला गेला नाही. कायद्याच्या पुस्तकातील नावांचा खेळ येथेच थांबत नाही. कैकाडी ही एकच जात विदर्भातील बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जाती गणली जाते आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जाती. म्हणजे त्याच नावाचा माणूस जिल्ह्याची हद्द ओलांडताच शासनदरबारी वेगळा होतो.

‘उचल्या’ (१९८७) या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. ‘उपरा’ हे विशेषण आहे. ते माणसाची स्थिती सांगते. ‘उचल्या’ हे कृतीवरून पडलेले नाव आहे, आणि ते इतरांनी ठेवलेले आहे. लेखक ते नाकारत नाही, शीर्षकस्थानी ठेवतो. साहित्य अकादमीने काढलेल्या इंग्रजी अनुवादांची नावे पाहावीत. ‘उपरा’चे ‘आउटसायडर’ झाले. मूळ अर्थ जवळपास कायम राहिला. ‘उचल्या’चे मात्र ‘द ब्रँडेड’, म्हणजे डाग दिलेले, असे झाले. मूळ शीर्षक उचलणाऱ्याचा हात दाखवते, अनुवादाचे शीर्षक डाग देणाऱ्याचा. अनुवादकाने अर्थ बदलला असे म्हणण्यापेक्षा, पुस्तक वाचून झाल्यावर शीर्षकाचा जो अर्थ मनात उरतो तो त्याने आधीच छापला, असे म्हणावे. मराठी वाचकाला तेथे चालत जावे लागते. इंग्रजी वाचकाला गाडीने पोचवले जाते. आम्हांला मराठी शीर्षक अधिक धाडसी वाटते.

रचनेच्या दृष्टीने ‘उपरा’ अधिक बांधेसूद आहे, हे मान्य करायला हवे. ‘उचल्या’चा उत्तरार्ध सूतगिरणी, कामगारांचा लढा आणि चळवळीचे काम यांत पसरतो आणि आत्मकथनाची जागा कार्यवृत्त घेऊ लागते. परंतु पूर्वार्धात गायकवाड जे करतात ते ‘उपरा’त नाही. चोरीच्या धंद्याचे शिक्षण, मुलांना मार सहन करण्याची सवय लावणे, मिळकतीची वाटणी, पोलिसांचा वाटा हे सारे ते हिशेबाच्या वहीसारखे नोंदवतात. क्षमा मागणे नाही, गौरव नाही. एका जमातीचे अर्थशास्त्र इतक्या निर्विकार तपशिलाने मराठीत क्वचितच आले असेल. शाळेत जाणाऱ्या मुलामुळे वस्तीत रोगराई आली, असे जमातीला वाटू लागते तो प्रसंगही याच स्वरात येतो. मार्गदर्शकांत त्याला ‘अंधश्रद्धा’ म्हटलेले असते. वास्तविक जमातीची भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही : शाळा हे सरकारचे घर, आणि सरकारकडून आजवर त्यांच्या दारी जे आले ते दंडुका घेऊनच आले.

‘उचल्या’ वाचताना ‘हजेरी’ हा एक शब्द मनात घर करतो. आजोबाला पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागते. नातू शाळेत जातो, तेथेही हजेरी असते. मराठीत दोन्हींसाठी शब्द एकच आहे. एका वहीत नाव पुकारले जाते ते माणूस पळाला नाही याची खात्री करण्यासाठी. दुसऱ्या वहीत तो आला याची नोंद करण्यासाठी. दोन पिढ्यांतील सारे अंतर या एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये मावते. माने यांच्या पुस्तकात अशी वही नाही. तेथे मुक्काम हलतो, शाळा सुटते, नाव पटावरून जाते आणि पुन्हा चढवावे लागते. फिरस्त्याची अडचण नाव टिकवण्याची, शिक्का बसलेल्याची अडचण नावापासून सुटण्याची. भटके आणि विमुक्त हे दोन शब्द आपण संयोगचिन्हाने जोडून लिहितो. ही दोन पुस्तके त्या चिन्हाच्या दोन बाजूंना उभी आहेत. आमच्या मते दोन लक्ष्मणांमधला मूलभूत भेद हाच आहे, आणि तो एकदा पकडला की नावांचा गोंधळ होण्याचे कारण राहत नाही.

ग्रंथालयीन वर्गीकरण मात्र हे काम करणार नाही. दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे. आत्मकथने कधी तेथे, कधी चरित्रांच्या ९२० मध्ये जातात. तर्कतीर्थांचा ग्रंथ धर्म वा संस्कृतीच्या कपाटात असतो. तीन लक्ष्मणांची भेट होण्याची सोय त्यात नाही. ती वर्गातच करावी लागते. आचोळे परिसरातील वर्गात ती करणे कदाचित अधिक सोपे आहे. हे गाव आधी नालासोपारा शहरात मिसळले, २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिकेत गेले आणि २०१४ मध्ये ठाण्याऐवजी पालघर जिल्ह्यात आले. गावाचाच पत्ता असा बदलत राहिलेला. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांची घरे अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर असतात. कोकण, मराठवाडा, सोलापूर, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून त्यांची कुटुंबे येथे आली आहेत. ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी त्यांची लेखणी थांबते. ‘उपरा’ त्यांना समजावून सांगावे लागत नाही. ‘उचल्या’ मात्र सांगावे लागते.

गेल्या दोन सत्रांपासून प्रस्तुत लेखकाने ‘वैशिष्ट्ये लिहा’ हा प्रश्न देणे थांबवले आहे. त्याऐवजी ‘उपरा’मधील विवाहानंतरचा भाग आणि ‘उचल्या’मधील हजेरीचा भाग, असे दोन उतारे वाचून शीर्षकाशी त्यांचा संबंध लिहावयास सांगितला जातो. माने आणि गायकवाड यांच्या नावांची अदलाबदल उत्तरपत्रिकांत अजूनही होते. प्रसंगांची होत नाही.